रकाना

तहसीन मॅडमनी फॉर्म पुढं सरकवला.
पहिलाच रकाना : याला काय आवडतं?

पेन हातात तसंच राहिलं.
पंधरा वर्षं मी दुसरेच रकाने भरत आलेय :
बोलत नाही. बघत नाही. मिसळत नाही.
सिव्हिलमध्ये लिहून, शाळेत सही करून,
लग्नाकार्यात तोंडी.
'नाही' लिहायला हात इतका सरावलाय
की तेंदूचं पान वळावं तसा, न बघता वळतो.

मी विड्या वळते. दिवसाला हजार.
पंचवीसचा कट्टा, असे चाळीस कट्टे.
संध्याकाळी कारखान्यात चेकर
मूठभर बाजूला काढतो : छाट.
छाटीचे पैसे नाहीत, विडीही परत नाही.
वेणूला तिसरीत शाळेनं परत दिलं,
एवढाच फरक.

मग लिहिलं : पुठ्ठे.
मॅडमना कळेना, म्हणून सांगितलं,
दाजी पेठेत आमच्या शेजारी
जेकॉर्डचा माग बंद पडलाय.
त्याच्या पुठ्ठ्यांची माळ अजून लोंबकळते,
आणि हा तासन्‌तास तिच्यात बोट फिरवतो.
कुठं भोक, कुठं नाही.
गल्ली म्हणते, पोरगं भोकं मोजायलंय.

मॅडम म्हणाल्या, "मग अर्धं शिकलाय की."

अशोक चौकामागं, टॉवेलच्या गोदामाच्या माडीवर
सहा कॉम्प्युटर.
ट्यूबलाइट काढून टाकल्यात,
त्यांची किरकिर पोरांच्या कानाला टोचते म्हणून.
मला ती कधी ऐकूच आली नव्हती.
आता येते. सगळीकडं.

वेणू चौकोन भरतो. एक काळा, दोन पांढरे, तीन काळे.
त्याच्या चादरीवर मोर नाही. मोर त्याला आवडत नाही.
त्याच्या चादरीवर एस.टी. स्टँड आहे, वरून बघितलेला.
बारा फलाट, अकरा गाड्या.
एक रिकामा का रे, विचारलं,
तर कंडक्टरच्या आवाजात म्हणाला,
"अक्कलकोट, अक्कलकोट, बसा पटापट."
म्हणजे गाडी गेली.

पण रात्री झोप येत नाही.

बसवंत म्हणून पोरगा आहे तिथं, सोळाचा.
त्याला कळ दाबता येत नाही, की दाबायची नाही, देव जाणे.
पंख्याखाली बसतो आणि पंखा बघतो.
त्याच्या आईनं रकान्यात तेच लिहिलंय : पंखा.
बघायला आलेले लोक वेणूजवळ थांबतात,
फोटो काढतात,
बसवंतला ओलांडून जातात.
तेव्हा मला चेकरचे हात दिसतात.
गुण असला तर कट्ट्यात.
नसला तर?

मी मॅडमना विचारलं. त्या बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, "त्याचीच भीती मलाही वाटते."
एवढंच.
पण तो पंखा कुणी बंद करत नाही,
डिसेंबरातसुद्धा. आम्ही आया पदर घेऊन बसतो.

गेल्या रविवारी कार्यक्रम होता.
पाहुणे, नारळ, शाली.
चादर खरोखरची विणून आलेली, घडीवर फीत.
वेणूचं नाव पुकारलं आणि माइक किंचाळला.
वेणू टेबलाखाली.

मी वाकले, दंड धरून ओढायला.
पंधरा वर्षांची सवय.
मॅडमनी माइकची वायर उपटली.
पाहुण्यांना म्हणाल्या, हळू बोला,
नाहीतर थोडा वेळ बोलूच नका.

खोली गप्प झाली. पंखा तेवढा फिरत होता.
मग बसवंत उठला,
कुणाकडं न बघता खाली गेला, वेणूच्या शेजारी.
मॅडमनी फीत सोडून चादर आत सरकवली.
दोघांनी ती डोक्यावरून घेतली.
आतून वेणूचा आवाज : मैंदर्गी. दुधनी. मैंदर्गी.
बसवंत हसला. मी तो हसलेला
त्याआधी ऐकला नव्हता.

त्या दिवशी सातशेच विड्या झाल्या.
सूप बाजूला ठेवताना
पिशवीतून फॉर्मची माझी प्रत पडली.
मागच्या बाजूलाही एक रकाना आहे,
मी बघितलाच नव्हता :
आईला काय आवडतं?

बोटांना तंबाखू लागलाय.
धुऊन येते आधी.